सुखाच्या वाटेवरचा जकातनाका

रोजचे जगणे सुखाचे व्हावे म्हणून अध्यात्मातली साधीसोपी तत्त्वे सांगणाऱ्या पुस्तकांची पुण्यात कधीच वाण नव्हती. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत ती पाककृती आणि पंचांग यांच्या शेजारी सुखाने नांदतात. त्यांच्या मुखपृष्ठावरच्या ‘सोपे’ या शब्दाकडे मात्र कोणी फारसे थांबून पाहत नाही. समजायला सोपे, पाठ करायला सोपे, नोकरी सांभाळून जमेल इतके सोपे, असा त्याचा आजचा अर्थ. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात या शब्दाला जास्त धार होती. ज्याचे त्याला करता येते, ज्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाही आणि चुकले तर कोणी दंड करू शकत नाही, ते सोपे. त्या काळच्या पुण्यात देव, धर्म आणि सुख यांवर जे वाद झाले, त्यांत देव आहे की नाही हा प्रश्न फारसा नव्हताच. माणूस आणि त्याचे समाधान यांच्यामध्ये जो जकातनाका बसला होता त्याचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. पुण्यातली ‘साधी तत्त्वे’ त्या भांडणातून घडली, आणि त्यांतली कोणती टिकली व कोणती पुस्तकात राहिली हेही त्या भांडणाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, असे माझे म्हणणे आहे.

नाका हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. पेशवाईत पुण्याचे पुण्यकर्म सरकारी खर्चाने चाले. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात आणली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण ती घ्यायला जमू लागले. पेशवाई बुडाली तरी दक्षिणा बुडाली नाही. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती चालू ठेवली, पुढे तिला वर्षाला ५० हजार रुपयांची मर्यादा घातली गेली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेवर तिच्यातला काही भाग खर्च होऊ लागला. राज्य गेले, पण धर्माचा हिशेब ठेवणारी वही नव्या धन्याने तशीच पुढे चालवली. खेड्यात हेच लहान प्रमाणावर होते. गावचा जोशी हा वतनदार, आणि लग्नमुंजीचा हक्क हा त्याच्या वतनाचा भाग. यजमानाने त्याला बोलावले नाही तरी हक्क बुडाला म्हणून तो दावा लावू शकत असे. आज हे वाचताना विनोदी वाटते, पण स्वतःच्या घरचे लग्न स्वतःच्या मनाप्रमाणे लावल्याबद्दल माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागत होती. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा असाच एक खटला पुढे थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८४९ मध्ये दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना मदत द्यावी असा अर्ज सुधारकांनी केला तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! लोकहितवादी त्या अर्जामागे होते, आणि त्यांच्या रक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. मागणी काय होती? थोडी रक्कम, तीही पुस्तकांसाठी. पण वहीत हात घालणे हाच गुन्हा होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. देव आणि भक्त यांच्यामधला दलाल तर संतांनी केव्हाच उठवला होता. ज्ञानेश्वर आणि तुकाराम याच पुण्याच्या परिसरातले, एक आळंदीचे आणि एक देहूचे. मग एकोणिसाव्या शतकाला कसले श्रेय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. संतांनी नाम मोकळे केले, भाषा मोकळी केली, देवाशी बोलायची रीत मोकळी केली. पण बारसे, लग्न, मर्तिक आणि श्राद्ध या चार प्रसंगांचा ताबा जिथे होता तिथेच राहिला. एकादशीला विठ्ठलाशी थेट बोलणारा वारकरी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला पुन्हा जोशाच्याच ओसरीवर जाई. भक्ती मोकळी आणि संसार बांधलेला, अशी ही विभागणी होती. सुख मात्र संसारातच शोधायचे असते. म्हणून संतांचा वारसा घेऊन तो घरात, स्वयंपाकघरात, लग्नमंडपात आणायचा हे काम उरले होते, आणि ते करू पाहणारे तीन वेगळे प्रयत्न पुण्यात आणि भोवताली पुढेमागे झाले.

पहिला प्रार्थनासमाजाचा. मुंबईत १८६७ मध्ये निघालेल्या या समाजाची पुण्यात १८७० मध्ये स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे इथे आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दुसरे मोठे नाव. एकच ईश्वर, मूर्ती नको, अवतार नको, आठवड्याला एकत्र प्रार्थना, आणि तीही मराठीत, तुकोबांच्या अभंगांच्या आधाराने. १८६९ मध्ये सरकारी मदतीने तुकारामांच्या गाथेचा पहिला खंड छापून निघाला होता, त्यामुळे इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या टेबलावर तुकाराम येऊन बसले होते. रानडे आणि भांडारकर यांनी त्यांत पाहिले ते एक स्वच्छ, विवेकी, घरगुती अध्यात्म: रोज थोडे आत्मपरीक्षण, थोडी प्रार्थना, वागण्यात सचोटी, आणि संकटात ईश्वरावर भरवसा. कोणालाही पटावे असे. तरीही त्याचा वापर करणारी माणसे मूठभरच राहिली. याचे कारण विचारांच्या खोलीत शोधण्यापेक्षा त्यांच्या जागेत शोधावे. समाजाने सभासदाकडे रविवारचा तास मागितला, घर मागितले नाही. घरात जुने विधी चालू ठेवायला मुभा होती. त्यामुळे नाका ओलांडायचा प्रसंगच सहसा येत नसे. माणूस मंदिरात एकेश्वरवादी आणि माजघरात आईच्या सोवळ्याचा धनी, असे दोन खणांचे जगणे त्यातून पुढे आले.

दुसरा प्रयत्न याच्या उलट टोकाचा होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक एक, सगळी माणसे त्याची लेकरे, आणि आईबापाला भेटायला जशी दलालाची गरज नाही तशी निर्मिकाला भेटायलाही नाही, हा त्याचा पाया. फुल्यांची ओळख आपण लढाऊ लेखक म्हणून करून घेतो. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ ही नावे ओठांवर असतात. त्यांचा शेवटचा ग्रंथ मात्र फार कमी वाचला जातो. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण सुखाचे आहे, हे मला फार बोलके वाटते. धर्मग्रंथ सहसा सृष्टीपासून किंवा देवाच्या स्तुतीपासून सुरू होतो. इथे प्रश्नोत्तराची सुरुवात माणूस सुखी कशाने होईल इथून होते, आणि सत्य वर्तनावाचून नाही असे उत्तर येते. मग पूजा, नामस्मरण, नैवेद्य, अनुष्ठान, पाप, पुण्य, दैव, राशी, लग्न, मर्तिक, श्राद्ध असा एकेक विषय घेऊन फुले एकच चाचणी लावतात: यात तिसऱ्या माणसाचा हात कुठे आहे? निर्मात्याला आपल्या जेवणाची गरज नाही, ज्याला भूक आहे त्याला द्या. त्याचे नाव जपत बसल्याने तो खूश होत नाही, त्याने दिलेली कामे करा. ग्रहांना तुमच्या घरातल्या भांडणात रस नाही. सत्य वर्तन करणारा कोणाला म्हणावे याची त्यांनी ३३ कलमे दिली. ती वाचताना तत्त्वज्ञानापेक्षा घरातल्या वागण्याचाच विचार जास्त दिसतो: व्यसन नको, लबाडी नको, बायकोला एक न्याय आणि स्वतःला दुसरा असे नको, लुळ्यापांगळ्यांना हात द्या.

या ग्रंथातले एक चित्र तर आजच्या कोणत्याही सुखाच्या पुस्तकात सापडणार नाही. एका घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घेते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारतो, आणि चौघे एकमेकांचा द्वेष न करता एकाच छपराखाली प्रेमाने राहतात. १८८९ च्या पुण्यात बसून एका माणसाने हे लिहिले. धर्मसहिष्णुतेवर भाषणे देणारे तेव्हाही बरेच होते, पण त्यांची सहिष्णुता गावागावांत, समाजासमाजांत नांदत असे. फुल्यांनी ती एका ताटापर्यंत आणली. रोजच्या सुखाचे याहून कठीण आणि याहून साधे तत्त्व दुसरे कोणते, मला तरी सांगता येणार नाही.

विचार घरात नेला तर विधीही बदलावा लागतो हे सत्यशोधकांनी ओळखले होते. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचे पहिले सत्यशोधक लग्न पुण्यात लागले. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च पानसुपारीपुरता. फुल्यांनी मराठीत मंगलाष्टकेही रचली, ज्यांत नवरी स्वातंत्र्य मागते आणि नवरा ते देण्याची शपथ घेतो. म्हणजे जुना विधी नुसता काढून टाकला नाही. त्याच्या जागी दोघांनाही अर्थ कळेल असा नवा ठेवला. फुल्यांच्या पत्नी सावित्रीबाई या कामात पुढे होत्या. इथे दुसरा आक्षेप घेता येतो, आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. लग्नकार्याच्या खर्चाने शेतकरी बुडाला हे मत त्या काळी सर्रास मांडले जाई. पण १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यानंतर नेमलेल्या आयोगाने चौकशीअंती सांगितले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिले जाते. धान्य, बी, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हापुन्हा काढलेली लहान कर्जेच जास्त फुगतात. मग पानसुपारीच्या लग्नाने असे काय साधले? हिशेबापुरता आयोग बरोबर आहे, आणि सारा वाढवणाऱ्या सरकारवर फुल्यांनीही कोरडे ओढलेच आहेत. पण ‘असूड’च्या पहिल्या प्रकरणात पाळण्यापासून पिंडापर्यंतच्या देण्यांची जी यादी आहे, तिचा रोख रकमेवर कमी आणि भीतीवर जास्त आहे. बैल घेताना शेतकरी घासाघीस करतो. ग्रहशांतीच्या दक्षिणेत घासाघीस करायची छाती त्याला होत नाही, कारण तिथे मुलाचा जीव तारण ठेवलेला असतो. ही भीती कर्जाच्या वहीत दिसत नाही, आणि तीच काढायची होती.

भीती काढणे किती अवघड होते, हे शिकलेल्यांच्या गोटात पाहावे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी या खोडकर गृहस्थांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. यादीत टिळक होते, रानडे होते. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून बाजू सावरली. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि तेही स्वतःच्या भीतीने नव्हे, तर घरच्यांकडून छळ सोसणाऱ्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली. मला ती टीका थोडी कठोर वाटते. वाळीत पडलेल्या घरात मुलीचे लग्न जमत नाही, माहेरवाशीण येत नाही, श्राद्धाला कोणी पान मांडत नाही. हे सगळे बायकांच्या वाट्याला येते आणि पुरुष मात्र तत्त्वासाठी ताठ राहतो. रानड्यांनी तो ताठा सोडला. पण त्याचबरोबर एक गोष्ट उघड झाली: पेलाभर चहाने ज्याचे घर हलते, त्याच्या आठवड्याच्या प्रार्थनेला सुखाची हमी देता येत नाही. नाका शाबूत होता आणि त्याने उच्च न्यायालयाच्या पदाजवळ पोचलेल्या माणसाकडूनही जकात वसूल करून दाखवली.

तिसऱ्या प्रयत्नाकडे जाण्याआधी एक आक्षेप निकाली काढायला हवा. माणसाला विधी लागतो. मुलगा गेलेल्या बापाला सत्य वर्तनाची कलमे वाचून दाखवली तर त्याला काय आधार मिळणार? हाताला काम हवे, ओठांना शब्द हवेत, शेजारी माणसे हवीत. हे खरे आहे, आणि सुधारकांच्या मोठ्या अपयशाचे मूळ इथेच आहे. तिसरा प्रयत्न ज्यातून आला त्या वारकरी पंथाची ताकदही इथेच आहे. गळ्यात माळ, पंधरवड्याची एकादशी, संध्याकाळी हरिपाठ, वर्षाची वारी. यातला एकही नेम करायला पुरोहित लागत नाही, आणि चारही हातापायांनी करायचे आहेत. विष्णुबुवा जोग हे १८६७ मध्ये पुण्यात जन्मलेले, तालमीत घुमलेले, अविवाहित राहिलेले गृहस्थ. त्यांनी ओळखले की नेम आहे पण अर्थ विसरला जातो आहे, आणि अर्थ सांगणारे मोजक्या घराण्यांत अडकले आहेत. १९१७ मध्ये त्यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. जातीची अट न घालता, फी न घेता मुलांना ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकवायची, मुलांनी माधुकरी मागून पोट भरायचे. तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, जोग गेले, पण तिथून निघालेले कीर्तनकार गावोगाव पसरले. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्यात स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि तत्त्वज्ञान शिकवता शिकवता कीर्तनाला उभे राहत. प्रार्थनासमाजाला जे जमले नाही ते इथे जमले: शिकलेला आणि न शिकलेला एकाच सतरंजीवर बसला.

फुल्यांना नामस्मरण मान्य नव्हते, वारकऱ्यांना निर्मिकाचा कोरडेपणा मानवला नसता. तरी फुल्यांनी आपली पदे लिहिली ती अभंगाच्याच वळणावर, ‘अखंड’ नाव देऊन. दोघांचा शत्रूही एकच होता. फरक असा की सत्यशोधकांनी जकातनाका पाडायला घेतला, आणि वारकऱ्यांनी त्याला वळसा घालून पायवाट मळली. वळशाची वाट जास्त माणसांनी चालली, पण तिची उणीवही मोठी. वाटेवर सगळे सारखे, मुक्कामाला नाहीत. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी पर्वतीच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. एकेकाळी दक्षिणेसाठी जिच्या पायथ्याशी रीघ लागे, तीच ही पर्वती. पंढरीचे मंदिर तर साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणापर्यंत बंदच राहिले. विठ्ठल रामजी शिंदे हे प्रार्थनासमाजाचे प्रचारक. भागवत घरात वाढलेले, ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास केलेले. या तिन्ही वाटांची उणीव त्यांनी सगळ्यात स्पष्ट पाहिली असे मला वाटते. १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन काढले, पुण्यात त्यासाठी अहिल्याश्रम उभा केला, आणि उपासना कुटुंबात, बायकामुलांसह व्हावी असा आग्रह धरला. त्यांना एकाकी पडावे लागले, हे इथे वेगळे सांगायला नको.

पुण्याचे अध्यात्म म्हटले की बाहेरच्या माणसाला वेगळीच नावे आठवतात: लष्कर भागात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान, त्यांच्याकडे ओढले गेलेले मेहेरबाबा, १९३७ मध्ये इथे आलेले बी. के. एस. अय्यंगार, १९७४ पासून कोरेगाव पार्कात बसलेले रजनीश. ती मोठी प्रकरणे आहेत आणि जगभर गेली. पण त्या प्रत्येकाच्या मध्यभागी एक गुरू आहे. ही हकिकत गुरू नसलेल्यांची, मंगळवारी सकाळी कामावर जाणाऱ्यांची आहे. आज सुखाची शिबिरे शुल्क घेतात, पावती देतात, पुढच्या पायरीचे वेगळे शुल्क सांगतात. त्यांत शिकवले जाते ते वाईट असते असे नाही. बरेचसे हरिपाठातलेच असते. पण शेवटी तत्त्वे जिथे विकत मिळतात तिथे नाका पुन्हा उभा राहिला आहे, एवढे म्हणायला हरकत नाही. वतनदार जोशाकडे निदान गावचा हक्क तरी होता.

फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले, पंचहौदच्या चहानंतर सहा आठवड्यांनी. मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि घरामागे त्यांनी खड्डाही तयार ठेवला होता. वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढचे मडके, कोणी धरायचे यावरून वाद निघाला तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. अस्थी त्याच घरामागे ठेवल्या. ते घर गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत आहे. आषाढीला निघालेल्या दोन पालख्या पुण्यात येतात तेव्हा तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते. दोन्ही ठिकाणांहून फुलेवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे.